बाबांचं अर्धं राहिलेलं गाणं

बाबा पारशिवनीकडच्या गावांत डफावर गाणी म्हणत. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला, माझ्याकडे आणलं. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. दर पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापक बाबांना आवर्जून बोलावत. तिरंग्यावरचं स्वतः रचलेलं गाणं ते असं म्हणत, की मागच्या रांगेतली मुलंही गप्प बसत.

एकदा जेवताना मी त्यांना सहज सांगितलं, की मुलींच्या संडासाला वर्षभर कुलूप आहे, म्हणून मोठ्या मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. परवा एकीला प्रार्थनेतच घेरी आली. बाबांचा घास हातातच राहिला.

त्या पंधरा ऑगस्टला नेहमीचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तरी डफ थांबला नाही. बाबांनी नवीन गाणं धरलं. झेंड्याला सलाम करणारी पोर घोटभर पाण्याला भिते, असं काहीसं त्यात होतं. पाहुण्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी उठले आणि माइक बंद केला.

बाबा दोन ओळी तसेच गायले. मग वळून त्यांनी मला पाहिलं. डफ खांद्याला अडकवून ते एकटेच पायी घरी गेले.

संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, तो देशाच्या गाण्याचा दिवस होता."

"देशाचंच होतं ना वं ते," ते म्हणाले. "त्या पोरी का दुसऱ्या देशातल्या आहेत?"

रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी मीच विचारलं नाही. मी कायम झाले. कुलूपही निघालं, पण तपासणी होती म्हणून.

नंतर लकव्याने बाबांची वाचा गेली. ते गाणं लिहून घ्यावं, हे मला तेव्हा सुचलं. मी वही घेऊन शेजारी बसले. त्यांनी बराच प्रयत्न केला. नुसता आवाज निघाला. मग त्यांनीच माझ्या हातातली वही मिटली.

ते गेल्यावर त्यांचे एक जुने साथीदार भेटायला आले. म्हणाले, "शाळेतलं ते गाणं त्यानं मले फोनवर पुरं ऐकवलं होतं. तुले येत असन."

मी नाही म्हटलं. त्यांनाही फक्त चाल आठवत होती.