चावला तर परत आणा

रोज सकाळी सासरे दाराशी फतकल मारून बसायचे आणि रांगेत ठेवलेल्या प्रत्येक बुटात, चपलेत हात घालून बघायचे. खिळा वर आलाय का, अस्तराला चुणी पडलीय का, एखादा टाका उसवलाय का. स्वतःच्या, बायकोच्या, मुलाच्या, आणि कुणी पाहुणा मुक्कामाला असेल तर त्याच्याही. सून या घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिला आपल्या लांब बुटात सासऱ्यांचा हात कोपरापर्यंत गेलेला दिसला आणि ती आल्या पावली मागे फिरली. सासूबाई हसत म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, परीक्षा तुझी नाही, बुटाची चाललीय."

गल्लीत त्यांना मापकाका म्हणत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचा तळवा वाकडा, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलेली, अशा माणसांचे बूट ते बनवत. समोरच्याचं तोंड बघायच्या आधी त्यांची नजर पायांकडे जाई. मी गर्दीत हरवले तर हे पोलिसांना माझ्या टाचेचं वर्णन देतील, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

घराखालीच कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, रस्त्याकडे एक रुंद खिडकी, आणि छताला टांगलेले लाकडी पाय. त्या लाकडी पायांवर चामडं ताणून बूट बसवायचा. कुठलीही जोडी सारखी नव्हती. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे साचे अडकवलेले असत, आणि प्रत्येक साच्याच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहिलेली. ज्याच्याकडून साचा उतरवून घेतला त्याचं नाव, त्यानं ज्याच्याकडून घेतला त्याचं, आणि असं मागे मागे. त्या धंद्यातली रीतच तशी होती. साचा मागितला तर नाही म्हणायचं नाही, आणि नाव खोडायचं नाही. काही साच्यांमागे सात-सात नावं होती. सगळ्यात वरचं नाव नाटकातल्या नटांचे जोडे शिवणाऱ्या एका बाईचं होतं.

सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणकाचे प्रोग्राम लिहायची. संध्याकाळी खाली येऊन ती सासऱ्यांचं काम बघत बसे. एका पायाची तेरा मापं घ्यायची, ती कागदावर मांडायची, त्यातून साचा काढायचा, यात त्यांचे तीन दिवस जात. तिनं तीन वर्षं खपून त्याचा प्रोग्राम लिहिला. तेरा आकडे भरले की साचा खऱ्या मापात कागदावर छापून येई. पण मापच चुकीचं घेतलं तर काय, म्हणून सासऱ्यांनी चाळीस चित्रं काढली. फीत कुठून कुठे न्यायची, घोट्याचं हाड कसं चाचपायचं, मूल पाय आखडून घेत असेल तर दुसरा हात कुठे ठेवायचा. रेघा साध्या, पण त्या पायांमध्ये जीव होता. चित्रांशिवाय प्रोग्राम म्हणजे नुसतेच आकडे, हे सुनेलाही कळत होतं.

तिला हे सगळं जगासाठी मोकळं करायचं होतं. तेवढ्यात दूरच्या एका रुग्णालयातून व्यायामोपचार करणाऱ्या बाईंची मेल आली. प्रोग्रामबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांच्याकडे वाकड्या-आखूड पायांची आठ मुलं होती आणि बूट बनवणारं कुणी नव्हतं. शिकायला एक शिंपी मात्र तयार होता. प्रोग्राम त्यांना हवा होता, पण कुठल्या अटींवर वापरायचा ते सांगणारा परवाना जोडलेला नसेल तर रुग्णालय तो वापरू देत नव्हतं. कुठला परवाना ते महिनाअखेरपर्यंत कळवाल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी सून कागद घेऊन कारखान्यात बसली. परवाने दोन लागतील, तिनं सांगितलं. प्रोग्रामला एक, चित्रांना दुसरा, कारण प्रोग्रामसाठी लिहिलेल्या अटी चित्रांना नीट लागू पडत नाहीत. सासऱ्यांना यात नवल वाटलं नाही. चामड्याची सुई कापडाला चालत नाही, ते म्हणाले. मग तिनं अटी सांगितल्या: कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं, पण बदललेलंही तितकंच मोकळं ठेवावं. चित्रांच्या बाबतीत शिवाय ज्यांनी काढली त्यांचं नाव ठेवावं. ते ऐकून त्यांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली आणि भिंतीवरचा एक साचा उलटा करून तिच्यापुढे धरला.

"हेच ना? मग यात नवीन काय? आम्ही तर फक्त पेन्सिलीवर भागवत होतो."

सुनेला वाटलं, झालं, आता सही तेवढी उरली. पण सासरे न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हते. कागदाच्या शेवटी एक परिच्छेद सगळाच्या सगळा ठळक, मोठ्या अक्षरांत होता. एवढं ओरडून काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. तिनं सोपं करून सांगितलं, की जे आहे ते जसं आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही, कुणाचं काही नुकसान झालं तर देणारा जबाबदार नाही.

सासऱ्यांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर त्यांची पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव बारीक अक्षरांत होतं आणि खाली ठसठशीत चार शब्द: चावला तर परत आणा. ती पाटी कशी आली ते सुनेला ठाऊक होतं. फार पूर्वी त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला पहिला उंच टाचेचा बूट करून दिला होता. आखूड पायाला आधार मिळाला आणि पोर पहिल्यांदा न लंगडता चालली. बूट घोट्याला चावत होता, पण तो काढून घेतील या भीतीनं ती बोललीच नाही. पंधरा दिवसांनी जखम हाडापर्यंत गेल्याचं कळलं. पाय बरा झाला, पण त्यानंतर गिऱ्हाईक दाराबाहेर पडताना ते पाटीवरचं तर म्हणतच, शिवाय वर जोडत, नाही चावला तरी आठवड्यानं दाखवून जा.

"हा कागद हात झटकतोय," ते म्हणाले. "माझ्या चित्रांना मी हा लावणार नाही."

सुनेनं परोपरीनं समजावलं. असा परिच्छेद सगळ्याच परवान्यांत असतो. कुणी चुकीच्या मापात छापलं, बूट लहान झाला, आणि त्यानं तिला कोर्टात खेचलं तर? सासरे म्हणाले, तुला कोण खेचतंय, मी बसलोय ना इथे. बाबा, तुम्ही बसलाय म्हणूनच भीती वाटतेय, ती म्हणाली. सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या की या दोघांच्या भांडणात तिसऱ्याचाच पाय अडकायचा.

चार दिवस चाळीस चित्रं कारखान्यातल्या दोरीवर चिमट्यांना लटकत राहिली. अबोला वगैरे काही नव्हता. सासरे रोज सकाळी तिच्या बुटांत हात घालून बघत, ती रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसे. फक्त त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं, आणि महिना संपायला सहा दिवस उरले होते. चित्रं वगळून नुसता प्रोग्राम पाठवून द्यावा, असंही तिच्या मनात आलं. मग तिच्या डोळ्यांपुढे तो अनोळखी शिंपी आला, हातात फीत घेऊन एखाद्या मुलाच्या पायाशी बसलेला, फीत कुठे धरायची ते माहीत नसलेला.

पाचव्या संध्याकाळी सासऱ्यांनी टाका घालता घालताच विचारलं, "त्या कागदात असं कुठं लिहिलंय का, की कुणी हमी देऊच नये?"

तिनं कागद पुन्हा काढला. बारा वर्षांत असे कागद तिनं किती फायलींना जोडले होते त्याची गणती नव्हती. तिनं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. परवान्यातून हमी मिळत नाही, एवढंच लिहिलं होतं. कुणाला स्वतःहून, वेगळी, आपल्या नावावर द्यायची असेल तर त्याला मनाई नव्हती.

"नाही लिहिलं," ती म्हणाली.

"मग झालं तर. कागदाला पाय चाचपायला हात नाहीत, तो जबाबदारी झटकेलच. मला आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक्केचाळिसावं चित्र काढलं. अर्धा तास चालून नुकताच बुटातून काढलेला पाय. जिथे जिथे लाली येऊ शकते तिथे लाल पेन्सिलीचे ठिपके, आणि खाली: मूल सांगणार नाही, तुम्ही बघा. चावला तर पाय कागदावर ठेवून त्याची रेघ मारा, दुखतं तिथे फुली करा आणि या पत्त्यावर पाठवा. पुढे कारखान्याचा पत्ता. कोर्टात टिकेल अशी ही हमी नव्हती, पण सुनेला ती पाटीपेक्षा कमीही वाटली नाही. साऱ्या जगातून पत्रं येतील, तिनं बजावलं. येऊ देत, ते म्हणाले, टपालवाल्याच्याही पायाचं माप घ्यायचं राहिलंय.

श्रेयाच्या पानावर त्यांनी स्वतःच्या नावाच्या वर साच्यामागची सातही नावं घालायला लावली, जोडे शिवणाऱ्या बाईंपासून. महिना संपायला तीन दिवस असताना सगळं रवाना झालं.

पहिलं पाकीट पाच महिन्यांनी आलं. त्या आठांपैकी एका मुलाचा पाय, करंगळीपाशी फुली. सासऱ्यांनी तो कागद खिडकीच्या काचेवर धरून पाहिला आणि उत्तरात साच्याचा करंगळीकडचा कोपरा नव्यानं कापून पाठवला. वर्षभरानं रुग्णालयातल्या बाईंनी एक चित्र बदलून पाठवलं. मूळ चित्रातलं मूल उभं होतं, यांनी ते खुर्चीत बसवलं होतं, कारण त्यांची काही मुलं उभीच राहू शकत नव्हती. खाली सगळी नावं जशीच्या तशी होती आणि शेवटी बाईंचं. सासऱ्यांनी ते दोरीवर मधोमध लावलं. आल्या-गेल्याला दाखवत आणि म्हणत, हे मला सुचायला हवं होतं.

पुढची सात वर्षं पाकिटं येत राहिली. कुणी चिखलानं माखलेला पाय उमटवून पाठवी, कुणी वर्तमानपत्रावर. सून प्रोग्राम दुरुस्त करी, सासरे पाय. एकदा तिनं हिशेब न करताच सांगितलं की तिच्या प्रोग्रामपेक्षा त्यांच्या चित्रांतल्याच चुका जास्त सापडतात, आणि लोक खरंच परत आणतात म्हणून ते दिवसभर खूश होते.

एका साध्याशा दुपारी, टपाल येऊन गेल्यावर, न उघडलेलं पाकीट मांडीवर असताना खुर्चीतच त्यांचा डोळा लागला तो लागलाच. ते पाकीट सुनेनं पुढच्या आठवड्यात उघडलं आणि त्याला उत्तर दिलं.

ते गेले त्या दिवशी सकाळी ती कचेरीला निघाली होती. सासरे नेहमीसारखे दाराशी बसले होते, एक हात तिच्या बुटात.

"डाव्यातला खिळा वर येतोय. संध्याकाळी ठोकून देतो, आज चपला घालून जा."