संघदीपला वाटलं, लाइन गेली

ढाणकीत विमानात बसून आलेले लोक शोधले तर पन्नासेक सापडतील, पण विमानाच्या पुढच्या काचेपाशी बसणारा एकच निघाला, संघदीप देवराव पाईकराव. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा आणि माझंच गणित पाहून माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायचा. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, वैमानिक झाला, एका कंपनीत को-पायलट म्हणून चार वर्षं उडला. पेपरात फोटो आला तेव्हा मी त्याला फोन केला, "काहून बे, हात दाखवला तर बिटरगाव फाट्यावर थांबते का तुयं विमान?"

"थांबते," तो म्हणाला. "पण तुले उभ्यानं या लागन."

हा संघदीप गेल्या नोव्हेंबरात दोन बॅगा घेऊन घरी आला. त्याची आई रुखमाबाई कोणी विचारलं की "सुट्टी हाय" एवढं सांगायची. महिना झाला, दोन झाले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे दुपारी येऊन तो बसायला लागला. मी टोमणे मारायचो, तो हसायचा. ते हसणं मात्र कोणीतरी बाहेरून बटण दाबल्यासारखं असायचं. शेवटी एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यानं सांगितलं.

पण ते समजायला आधी देवरावकाका समजले पाहिजेत. संघदीपचे वडील. एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. आम्ही लहान असताना भीमनगरातल्या त्यांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, चढलं की सगळं ढाणकी आणि आजूबाजूची गावं दिसायची. आठवड्यातून चार वेळा लाइन जायची, आणि काकांनी पोराला खेळ शिकवला होता. कुठले दिवे गेले ते पाहायचं आणि सांगायचं, बाजार चौकाची डीपी, म्हणजे तिथला ट्रान्सफॉर्मर, उडाली की चार गावांना वीज देणारा अख्खा फीडर गेला. संघदीप आठव्या वर्षी न चुकता सांगायचा. काका खांबावर चढायच्या आधी घरी फोन करून त्यालाच विचारत. "पोट्टं आपलं हाफिसापेक्षा बरं सांगते," असं गावभर सांगत फिरत.

तर ती रात्र. विमानतळ डोंगरातला. नाव सांगू नको म्हणून त्यानं बजावलंय. आभाळ स्वच्छ, रनवे लांबूनच दिसत होता. अशा वेळी खालून, विमानतळाच्या टॉवरवरून, विचारतात, रनवे दिसतोय का? दिसतो म्हटलं की यंत्रानं आखून दिलेली, डोंगर चुकवणारी वाट सोडून नजरेनं यायची परवानगी मिळते. कॅप्टन म्हणाले, "तूच उतरव आज." समोर शहराचे दिवे, अलीकडे एक वस्ती, आणि वस्ती ते विमान यांच्या मधे निव्वळ काळोख.

"मंग?" मी विचारलं.

"मंग वस्तीचे दिवे गेले. खालच्या अंगानं, एकेक ओळ."

"गेले म्हंजे?"

"मले वाटलं, लाइन गेली."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, जोरात हसलो. तो थांबला, माझं हसणं संपू दिलं आणि म्हणाला, "दिवे चालूच होते, अंकुर. मधे टेकडी होती. मी खाली चाललो होतो अन् ती दिवे झाकत होती."

रनवेच्या बाजूला चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले की उतार बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली आलास. त्याला चारही लाल दिसले, आणि पुढच्या क्षणी तेही गेले. "तवाबी डोक्यात तेच. म्हटलं, तिथवर गेली वाटते. इमानतळाले जनरेटर असते, इतकं तं मले समजाले पायजे होतं."

मग यंत्र ओरडलं. जमीन आहे, वर घे. त्याचा हात हलायच्या आत कॅप्टननं विमान वर खेचलं.

"किती उरलं होतं?"

त्यानं दुकानाच्या दारातून पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "तितकं."

मागे एकशे साठ माणसं होती. दुसऱ्या फेरीत विमान नीट उतरलं, आणि बाहेर पडताना एका बाईनं हवाईसुंदरीला विचारलं, इतका उशीर काहून झाला.

चौकशी झाली. दिवे दिसेनासे झाल्यावर तुम्ही खाली का येत राहिलात, असं तीन साहेबांनी विचारलं. ह्यानं खरं सांगितलं. साहेब एकमेकांकडे पाहून हसले. त्यातल्या कुणाच्या घरची लाइन कधी गेली नसावी. कॅप्टनना ताकीद मिळाली. संघदीपला सहा महिने घरी बसवलं आणि मे महिन्यात सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या नकली खोलीत, परीक्षा ठेवली. पास झाला तर परत उडायचं, नाही तर नाही.

तयारी त्यानं मन लावून केली. नकाशे, आकडे, वह्या. संध्याकाळी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून उमरखेड रोडला यायचा आणि मधेच थांबायला लावायचा.

"त्या दोन दिव्यायच्या मधात काय हाय?"

"बळीरामची तूर."

"तुले कसं माहीत?"

"सकाळी पाह्यली ना बे. तूर रात्री कुठं गावाला जाते का?"

दुसऱ्या दिवशी तो सकाळी एकटा जाऊन तूर पाहून यायचा. मला वाटलं, अभ्यास. एकाच तुरीला तो पाचव्यांदा पाहून आला तेव्हा मी मस्करी बंद केली.

फेब्रुवारीत आम्ही तिघं धाब्यावर बसलो होतो. बिटरगावच्या अंगाचे दिवे गेले. काका सवयीनं म्हणाले, "दीपू, सांग बरं, कुठलं गेलं?"

संघदीप उठला, दोन पायऱ्या उतरला आणि कठडा धरून खाली बसला. मग त्यानं बापाला सगळं सांगितलं. तोवर काकांना खरंच सुट्टी वाटत होती.

 काका म्हणाले, "म्याच शिकवलं तुले थे."

"तुमी बरोबरच शिकवलं, बाबा. इथं बरोबरच हाय थे."

"एकशे साठ म्हंतं?"

"हो."

काका त्यानंतर धाब्यावर चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. एकतीस वर्षं खांब चढलेले गुडघे.

मे महिन्यात तो दिल्लीकडे गेला. परीक्षकानं दया करून सपाट मुलूख दिला होता. रात्र, रनवे समोर, टेकडीचं नाव नाही. पहिल्या खेपेला पडद्यावरचे दोन दिवे जरा लुकलुकले, ह्यानं विमान वर घेतलं. दुसऱ्या खेपेला तेच. परीक्षक म्हणाला, बाबा रे, नकाशा पाहा, यंत्र पाहा, इथं काहीच नाही. तिसऱ्या खेपेला ह्यानं निम्म्या वाटेवर हात काढून घेतले आणि म्हणाला, "तुम्ही घ्या."

फोनवर मी त्याला समजावलं, "अरे, जास्त सावध राह्यला, त्यात काय बिघडलं?"

"सावध नव्हतो बे," तो म्हणाला. "नकाशा बरोबर, यंत्र बरोबर, समदं दिसून राह्यलं होतं. मले थे खरं वाटेना."

कंपनीनं ऑगस्टची आणखी एक तारीख दिली. तारखेच्या आठ दिवस आधी तो दुकानात आला आणि माझ्या खुर्चीवर बसून कॉम्प्युटरवर राजीनामा लिहायला लागला. मी म्हटलं, वैयक्तिक कारणास्तव लिही, सगळे तेच लिहितात. तो म्हणाला, नाही. त्यानं लिहिलं की दिवे झाकले जाणं आणि दिवे विझणं यातला फरक मला त्या रात्री कळला नाही, आता कळतो, पण माझा माझ्या नजरेवर विश्वास उरलेला नाही. नव्या मुलांना शिकवताना हे जरूर सांगावं. गावाकडून आलेल्यांना आधी सांगावं.

ईमेलनं पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, यंत्राचंच. राजीनामा मिळाला, ओळखपत्र सात दिवसांत जमा करावं, आमच्यासोबतचा आपला अनुभव कसा होता, पाचपैकी तारे द्यावेत.

तो त्या पाच ताऱ्यांकडे पाहत बसून राहिला. तेवढ्यात गावातली मानीबाई रहिवासी दाखल्याचा अर्ज भरायला कागद घेऊन आली. दुकानात कॉम्प्युटर एकच आहे.

"सरक जरासा," मी म्हणालो.

तो सरकला.