मुंबईजवळचं उंबरझरा

इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपला जाताना आमचा आयरिश इंजिनिअर मला रोज त्याच्या गाडीत घेतो आणि वाटेत आयर्लंडच्या गावांचे अर्थ ऐकवतो. 'बॅली' म्हणजे वस्ती, 'नॉक' म्हणजे टेकडी. डब्लिन म्हणजे काळा डोह! एवढी मोठी राजधानी, आणि नाव आया पोरांना पोहायला जाऊ देत नाहीत तसल्या जागेचं. त्याचं स्वतःचं गाव किल्डेअर, म्हणजे ओकच्या झाडापाशी असलेलं चर्च. त्याच्या घरी आजोबांपासून सगळे इंग्रजीच बोलायचे. नाव रोज तोंडात, पण अर्थ कळला तो शाळेत आयरिश शिकल्यावर.

"तुझं गाव कुठलं?" एकदा त्यानं विचारलं.

"नीअर मुंबई," मी सवयीनं म्हणालो. आखातातला प्रत्येक मराठी माणूस मुंबईजवळचाच असतो. माझं गाव मुंबईहून एसटीनं चौदा तासांवर आहे.

"किल्डेअर डब्लिनपासून तासाभरावर आहे," तो उखडला. "मी कधी 'नीअर डब्लिन' म्हटलंय?"

मला ओशाळल्यासारखं झालं. "उंबरझरा," मी म्हणालो, आणि अर्थ आयताच समोर आला. उंबराखालचा झरा! त्याच झऱ्याचं पाणी पिऊन वाढलो, पण चाळीस वर्षांत नावाकडे कधी बघितलंच नव्हतं. मग काय, माझी कॉलर ताठ. "बघ हबीबी, आम्हाला शाळा लागत नाही. आमचं शेंबडं पोरही अर्थ सांगेल."

ते सिद्ध करायला त्याला शनिवारी जेवायला बोलावलं. नऊ वर्षांच्या लेकीला पुढे केलं. त्यानं तिला गाव विचारलं.

"नीअर मुंबई," ती म्हणाली.

बायको फिसकन हसली. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, उंबरझरा! अर्थ सांग काकांना."

ती विचारात पडली. "झरा इज... वॉटर? बट बाबा, व्हॉट्स उंबर?"

इंजिनिअरनं हातातली कोथिंबीर वडी ताटात ठेवली. "आमच्याकडेही असंच झालं," तो हळूच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी सुट्टीची तिकिटं काढली. आधी मुंबई, मग चौदा तास एसटी, मग उंबर. लेकीनं ते ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून मला जाब विचारला, "बाबा, यू सेड नीअर मुंबई!"