पंपातला पडदा

पडदा वर जातो. म्हणजे पत्र्याचं शटर करकरत वर जातं आणि शेडमध्ये सकाळचं ऊन शिरतं. मधोमध चार लाकडी ठोकळ्यांवर एक छोटी, पिवळट, जुनी इटालियन मोटार. भिंतीवर पाने लहानापासून थोरापर्यंत ओळीने टांगलेले. मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले. उभा जन्म रंगभूमीवर काढला, पण नायकाचा असा प्रवेश मी दुसरा पाहिला नाही.

"पायच बघून घ्या नटवर्य," मोटारीखालून आवाज आला. "तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही."

हे माझे शेजारी. गल्ली त्यांना 'ओरिजिनल' म्हणायची. चाळीस वर्षं फिटरकी केली, पण नकली भाग कुणाच्या गाडीला लावला नाही. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर! ही शिकवण त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. मोटारही दादांचीच, अकरा वर्षं बंद पडलेली. दादा आता कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते. रविवारी दहाची ट्रेन. आणि ओरिजिनल त्यांना शब्द देऊन बसले होते, "दादा, स्टेशनवर तुला तुझ्याच मोटारीतून सोडीन."

दोन वर्षं खपून त्यांनी एकेक भाग जमवला. मागच्या दिव्याची काच एका घड्याळजीकडे सापडली. दाराची मूठ कुणा विधवाबाईंनी चार पत्रांनंतर दिली, तीही 'मोटार चालू झाली की फोटो पाठवा' या अटीवर. राहिला एकच भाग. टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे खेचणारा छोटा पंप असतो, त्यातला रबरी पडदा. जुना फाटला होता. इटलीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने कळवलं, "कागदावर आकार काढून पाठवा, हुबेहूब कापून देतो."

ओरिजिनलनी जुना पडदा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. पण स्वतःच्या हातचा कागद परदेशी धाडायला जीव होईना. म्हणून झेरॉक्स काढली आणि ती पाठवली. यंत्राने कडेला समास सोडायला चित्र जरासं लहान केलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शुक्रवारी पडदा आला. स्क्रूच्या सहा भोकांपैकी एकच जुळलं.

"बायकोला बाजारात पाठवताना चार वेळा बजावतात," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "आणि मशीनवर डोळे मिटून विश्वास!"

"तू गप गं."

"गपच आहे. रिक्षावाल्याला रविवारचं सांगून ठेवू का, एवढंच विचारते."

शनिवारी सकाळी दादा काठी टेकत आले. ओरिजिनलनी मान खाली घालून सगळं सांगितलं. दादांनी फाटका पडदा हातात घेतला, अंगठ्याने चोळला आणि खो खो हसत सुटले.

"अरे, हा कुठला इटलीचा? मी कापलाय! तुझ्या शाळेच्या रेनकोटातून. 'रेनकोट हरवला' म्हणून बाबांकडून कानफटात खाल्लीस, तोच."

"दादा! आणि मला जन्मभर 'अस्सलच लाव, अस्सलच लाव'..."

"गिऱ्हाइकाला अस्सलच लावायचं. स्वतःची मोटार निघायलाच हवी असली तर हाताला येईल ते."

ओरिजिनलनी हातातला पाना पुसून भिंतीवर टांगला. मग माझ्याकडे वळले. "नटवर्य, तुमचा तो इन्स्पेक्टरच्या भूमिकेतला रेनकोट अजून आहे का हो?"

होता. पंचवीस वर्षं पेटीत जपला होता. आणून दिला. दादांनी बोटांनी चाचपून जागा दाखवली, ओरिजिनलनी कात्री चालवली. साही भोकं जुळली.

"किती टिकेल?" मी विचारलं.

"स्टेशनपर्यंत," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

रविवारी मोटार दोनदा शिंकली आणि निघाली. दादा पुढे, मी ट्रंकेसह मागे. वाटभर दोघे भाऊ नुसते इंजिन ऐकत होते. ट्रेन सुटताना दादांनी खिडकीतून हात काढून धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली.

बाहेर आलो तर मोटारीखाली पेट्रोलचा ओला डाग. ओरिजिनलनी वाकून बोट लावलं, वास घेतला, बोट रुमालाला पुसलं आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

"आता बंद पडली तरी चालेल, नटवर्य. तुम्ही स्टिअरिंग धरा, मी ढकलतो."