सहावं गाणं ढोलकीशिवाय

आमच्या अल्बममध्ये सहा गाणी होती. सगळी सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरच्या कीबोर्डवर बनवलेली. पाचांचा ठेका हळदीत चालेल असा. सहावं मात्र माझ्या मनासारखं. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, नुसता सिंथ आणि बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांवर चार ओळी. तो सिंथ मी उल्हासनगरात एका जुन्या मालाच्या शेठशी तीन दिवस घासाघीस करून मिळवला होता. वायरी सोल्डर करत करत मी साउंडचं दुकान उभं केलं. मला कोणी सहज काही दिलं नाही, मीही देत नाही.

गाणारा माझा मेहुणा, चामटोलीचा. सहावं ऐकून म्हणाला, "दाजी, झकास आहे. पण नाचायचं कुठून?"

"नाचायचं नाही. बसून ऐकायचं."

"हळदीत फक्त नवरा बसतो, दाजी."

तेव्हाच मला त्याच्या बेताचा वास आला. त्याने सरावासाठी गाणं मागितलं, तेव्हा मी त्यावर दर मिनिटाला माझ्याच आवाजात ओरडून ठेवलं, "ही सॅम्पल कॉपी आहे!" आमच्या धंद्यात असं करतात. चोरलेलं गाणं मग कुठेही वाजलं तरी पकडता येतं.

पकडलंही. अंबरनाथ पश्चिमेला नात्यातली हळद होती. डीजेने माझं गाणं लावलं, आणि त्याखाली दणदणीत ढोलकी. मी वायर उपटायला निघालो, एवढ्यात स्पीकरमधून माझाच आवाज आला आणि त्यामागे अख्खा मांडव ओरडला, "सॅम्पल कॉपी!" हळदीने माखलेल्या मावश्यासुद्धा.

मेहुण्याची कॉलर मी मांडवामागे धरली.

"ढोलकी घातली, पण तुमचा आवाज निघेना, म्हणून तसाच ठेवला," तो म्हणाला. "लोकांना तोच आवडला. आता काय करू?"

बायको मध्ये पडली. "सोडा माझ्या भावाला. तुमचाही पाय हलत होता."

"रागाने हलत होता."

आठवड्याभरात बदलापूरपर्यंत लोक ते 'सॅम्पल कॉपीवालं' मागू लागले. मेहुणा दुकानात आला, चहा मागवला आणि म्हणाला, अल्बममध्ये तेच घेऊ, तुमच्या ओरडण्यासकट. मी कधी पहिल्या बोलीला हो म्हणत नाही. म्हटलं, ते पहिलं ठेव. पण शेवटी माझं मूळ गाणं येणार. ढोलकीशिवाय, पूर्ण सहा मिनिटं.

मनात मी पाच मिनिटांपर्यंत उतरायची तयारी ठेवली होती. तो निदान चारवर अडेल, मग मी टेबलावर हात आपटेन, असं सगळं ठरलेलं.

"सहा तर सहा," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

अल्बम आला. गाणं शेवटी आहे, एक सेकंदही कापलेला नाही, मी घड्याळ लावून तपासलं. तरी ते 'सहा तर सहा' मला अजून टोचतं. इतक्या वर्षांत न भांडता कोणी मला काही दिलं असेल, तर ते देणाऱ्याला नको असलेलंच होतं. तिथपर्यंत कोणी ऐकत बसणार नाही, हे मेहुण्याने चहा मागवण्याआधीच धरलं होतं.