किल्ली तंबूत होती

माझा नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी भेटायला येणारे लोक अजून म्हणतात, "त्यांनी आयुष्यात कुणाला दुखवलं नाही हो." मी चहाचा कप पुढे करते. हे वाक्य खोटं नाही. ते इतकं खरं आहे, की मला ऐकवत नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही कुवेतहून कॅरिबियनच्या बोटीवर गेलो. हौस त्याची. तो तेलकंपनीत इंजिनियर, मी शाळेत शिकवायचे. पुस्तक हातात असलं की मला कुठेही बसवा, म्हणून मी हो म्हटलं.

बोटीवर चढताना अधिकाऱ्याने पासपोर्ट मागितले. तुम्ही अमेरिकन नाही, तेव्हा प्रवास संपेपर्यंत आमच्याकडे राहतील, असं म्हणाला. नवऱ्याने दोन्ही पुढे सरकवले. माझा मी परत ओढून घेतला.

"अगं, पद्धत आहे त्यांची."

"असू दे."

"मागे रांग लागलीय. लोक बघतायत."

शेवटी मी दिला. पण त्या रात्रीपासून डेकवरच्या खुर्चीत बसून मी एकच पान वाचत राहिले.

बाबा गेले तेव्हाही माझा पासपोर्ट असाच दुसऱ्याकडे होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याहून फोन आला तो बुधवारी संध्याकाळी. आमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नूतनीकरणाला दिलेला. त्यामुळे दोघांचे पासपोर्ट नवऱ्याच्या कंपनीतल्या मंदूबच्या कपाटात. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. थंडीत तिथले लोक तंबू ठोकून वाळवंटात राहायला जातात, तसा तोही कुटुंबासकट गेला होता. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात.

"एवढ्या वाळवंटात कुठे शोधणार त्याला?" नवरा म्हणाला होता. मी मान डोलावली. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस भिंतीकडे बघत बसले. चुलतभावांनी बाबांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. मी एकुलती एक, अग्नी मीच द्यायचा असं बाबांनीच सांगून ठेवलेलं. शुक्रवारी दुपारी भावांचाही नाइलाज झाला, त्यांनीच अग्नी दिला. पासपोर्ट मिळाला शनिवारी. मी पोचले तेव्हा बाबांच्या पलंगावरची गादीसुद्धा उचलली होती.

त्यात कुणाचा दोष नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. वाळवंट मोठं असतं.

बोटीवरच्या दुसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर न्यू जर्सीचं एक गुजराती जोडपं होतं. त्यांना कुवेतची भारी उत्सुकता. नवरा खुलला. रंगवून सांगायची कला त्याच्याकडे होती.

"अरे भाई, तंबू में टीव्ही, फ्रिज, सब कुछ! हमारा मंदूब हर साल एकही जगह तंबू लगाता था. मैं खुद गया हूँ ना, दो-तीन बार. जहरा के आगे पानी की टंकी, वहाँ से दाएँ, फिर ऊँचे खंभे पे लाल-हरी बत्तियाँ. आँख बंद करके पहुँच जाऊँ!"

ते गृहस्थ हसले. त्यांची बायको म्हणाली, "रास्ता भूल गए तो?"

"सवाल ही नहीं, बहन!"

मी काटा खाली ठेवला. तो माझ्याकडे बघून हसत होता, आणि मग त्याचं हसू थांबलं.

केबिनमध्ये पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस ठेवलेला होता. तो मी जमिनीवर फेकला.

"तुला जागा माहीत होती."

"हळू बोल. भिंती पातळ आहेत."

"माहीत होती की नाही?"

"माहीत होती. पण सुट्टीच्या दिवशी माणसाच्या तंबूत जाऊन किल्ली मागायची? बायकामुलं असतात आत. तो बिथरला असता तर? आपला दोघांचा इकामा त्याच्या हातात होता."

"माझे बाबा बर्फावर होते."

"ते गेलेलेच होते गं. तू जाऊन काय..." तो थांबला. पण मला ऐकायचं तेवढं ऐकून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी बोट पहिल्या बेटाला लागली. मी काउंटरवर गेले आणि माझा पासपोर्ट मागितला. तिथल्या मुलीने समजावलं, की उतरायला बोटीचं कार्ड पुरतं. मी म्हटलं, मला पासपोर्टच हवा. तिने वरिष्ठाला विचारलं, सही घेतली, संध्याकाळी परत करा म्हणाली. नवरा मागे टोपी घालून उभा होता.

"दोघांचे घे."

"माझा एकटीचा," मी म्हटलं, आणि एकटी उतरले.

दिवसभर उन्हात चालले. रंगीत घरं होती, नारळाची झाडं होती, बंदरावर लोखंडी पिंपं ढोलासारखी वाजवणारे लोक होते. मला सगळ्यांचाच राग येत होता. पर्समध्ये हात घालून मी पासपोर्ट धरून ठेवला होता. मला हवं होतं एक वाक्य. मी परत येईपर्यंत त्याला सुचेल, असं वाटत होतं. हुशार माणूस होता.

परतले तेव्हा तो वर कठड्याशी उभा होता. उन्हाने त्याचं नाक लाल झालं होतं. बराच वेळ उभा असावा.

"काही खाल्लंस का?"

"नाही."

मी उभी राहिले. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे.

"पासपोर्ट देऊन टाक काउंटरवर. त्यांनी दोनदा फोन केला. उगाच कशाला त्यांना..."

"दुखवायचं?" मी म्हणाले.

पासपोर्ट मी परत दिला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तो माझ्या उशीखाली होता, आणि काउंटरवर जाऊन माझ्या वतीने रोज माफी मागत होता नवरा. त्या मुलीची.

"किल्ली आणायला मी जायला हवं होतं," एवढंच त्याने म्हणायचं होतं. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला.