निंबापाशी हळू घे

ज्या माणसाले दवाखान्यात न्यायसाठी मी गाडी शिकली, तो माणूस मागच्या वर्षी आजच्याच दिवशी मेला.

पोरगी म्हणते, आई, वारले लिही. देवाघरी गेले लिही.
मेला तो मेला. लिहिण्यानं काय फरक पडते.

चंदाचे बाबा. नाव घ्यायची सवय नाही, आता कायले घेऊ.

मी चवथी शिकलेली बाई. मोबाईलमध्ये बोलून लिहून राह्यली. चुकलं तर सोडून द्या.

ते जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पाह्यचे. चिमटीत रेशा ओढून सांगायचे, हा चांगला, हा किडका. सारी उमर गिअरच्या मोटरसायकलवर गेली. मी मांगं बसायची आन बोलायची. ते समोरून नुसतं "हूं" म्हणायचे. ऐकलं का नाही, देव जाणे.

मग शुगरनं डाव्या पायाची बोटं खाल्ली. कापावी लागली.

गिअर डाव्या पायानं टाकतात. संपलं.

त्यातच ते बोंडअळीचं वर्ष. कापूसच नाही तर जीन कायची चालते. माणूस घरात बसला. मग किडनी गेली. डायलिसिसले यवतमाळ. एसटीचा भरोसा नाही, ऑटोवाला थांबत नाही.

गावातला सुधीर मेकॅनिक आला. म्हणे, "काका, बिगर क्लचची येते एक. नुसते गिअर टाकायचे."
"गिअर कायनं टाकू? तुह्या पायानं?"
"मग बिगर गिअरची घ्या. मूठ पिळली का चालली. काकू बी चालवतीन."
"ही? इले मिक्सर चालवता येत नाही."

घेतली. शेवटपर्यंत ते त्या गाडीले मिक्सरच म्हणले.

मी शिकली. ते मांगं बसले.

जनमभर समोर बसलेला माणूस मांगं बसला का काय करते, मले इचारा. माझ्या हेल्मेटवर बोटानं ठोकायचे. एक ठोका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. यवतमाळ येईपर्यंत डोकं दुखायचं.

चंदाले फोनवर सांगितलं. तिनं नागपूरहून हेल्मेटात लावायचे हेडसेट धाडले. एक माझ्या हेल्मेटात, एक त्यायच्या. मांगं बसून हळू बोललं तरी कानात ऐकू येते. चालू केलं का पहिले आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणते.

"तुह्यापेक्षा गोड बोलते," ते म्हणे.

मग काय, सुरू.

"ब्रेक. ट्रक जाऊ दे. पुलावर रेती राह्यते. निंबापाशी हळू घे, वळण हाये."
"मले डोळे हायेत."
"असू दे. निंबापाशी हळू घे."

पुढं तो रोड रुंद झाला. निंब तोडला. वळण बी सरळ केलं, सिमेंट टाकलं.

त्या दिवशी कानात आवाज आला, "निंब आला. हळू घे."

समोर काहीच नव्हतं. सपाट रोड आन बाजूले कापलेला बुंधा.

तवा मले समजलं. या माणसाले दिसत नाही. शुगर डोळ्यात गेली होती आन यानं कोणाले सांगितलं नव्हतं. सारा रस्ता डोक्यातून पाहून राह्यला होता.

मी मूठ सोडली. गाडी हळू केली.
म्हटलं, "हो. आला निंब."

मी कोणाचं ऐकणारी बाई नाही, गावाले माहीत हाये. पण त्या रोडवर मी नसलेल्या झाडापाशी हळू होत गेली. दर खेपेले. मांगच्या गाड्या हॉर्न मारायच्या. मी म्हणायची, "आला निंब." ते म्हणायचे, "हूं."

मग एक दिवस तिथं आलो तर ते बोललेच नाही. मीच म्हटलं, "आला निंब."

"निंब तोडला ना वं?"

"कोणी सांगितलं?"
"कोणी कायले सांगन. गाडी वाकत नाही इथं. किती दिवसाची वाकली नाही."
"मग हळू घे, हळू घे काहून म्हणत होते?"
"तू हो म्हणत होती म्हणून."

गाडी चालत राह्यली.

मग म्हणे, "आता तूच सांग. काय दिसते?"
"पऱ्हाटी हाये."
"बोंडं?"
"काळी पडली. फुटलीच नाही बरोबर."
"थांब."

रोडच्या कडंनं एक बोंड तोडून त्यायच्या हातात देलं. त्यायनं हेल्मेट काढलं नाही. चिमटीत रेशा ओढली. लगेच तुटली.

"किडका," म्हणे. फेकून देलं. "चाल. नंबर जाईन."

आमचं मिक्सरवरचं ते शेवटचं जाणं. पुढच्या खेपेले अँब्युलन्स लागली.

अँब्युलन्समध्ये हेल्मेट लागत नाही. चार शब्द बोलायचे होते, ते राह्यले. त्यायच्या तोंडावर मास्क होता आन मी समोर ड्रायव्हरजवळ बसली होती.

सुधीर म्हणे, "काकू, तुमचा सेट मोबाईलले जोडून देऊ का? गाणे ऐकजा."
म्हटलं, तुह्ये गाणे तूच ऐक.

दोन्ही सेट अजून मी चार्जिंगले लावते. लावते म्हणजे लावते. कोणी समजावाले येऊ नका.

परवा यवतमाळले जाणं पडलं. एकटी. हेल्मेट घातलं, त्यातली बाई बोलली, मग शांत.

निंबाच्या जागी गाडी हळू झाली. मांगच्यानं हॉर्न मारला, शिवी देऊन समोर गेला. मी कडंले उभी राह्यली.

म्हटलं, "आला निंब."

काही नाही.
"हूं" बी नाही.

चंदाचे बाबा, रामराम.